आयुष्याच्या अल्बममध्ये आवाजालाही वय हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती दीड-दोन महिन्यांवर आले की कोकणातल्या लहान-मोठ्या स्टुडिओंत नव्या गाण्यांची लगबग सुरू होते. सुटी गाणी काढण्याऐवजी माणसाचा जन्मापासून निरोपापर्यंतचा प्रवास एका सूत्रात ओवणारा अल्बम करावा, असे आता काही तरुण मंडळींच्या मनात आहे. विचार फार चांगला आहे. बारशाच्या पाळण्यापासून बाराव्याच्या भजनापर्यंत प्रत्येक टप्प्याचे गाणे कोकणात आजही कुणाच्या ना कुणाच्या तोंडी आहे. ही मंडळी कामाला लागण्याआधी काही गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचाव्यात म्हणून हे पत्र.

आमचे मुख्य म्हणणे असे, की अशा अल्बममध्ये वय आवाजातून कळले पाहिजे. नेहमी होते ते उलटेच. नावाजलेली एकच गायिका पाळणा म्हणते, फुगडी म्हणते, ओवी म्हणते आणि म्हातारपणचा अभंगही तीच म्हणते. खाली कीबोर्डचा एकच ठेका सगळीकडे धावतो. शब्द बदलत जातात, पण कान पंचवीस-तीस वर्षांच्या एकाच बाईपाशी अडकून राहतो.

सलग अल्बम आणि सुटी गाणी यांतला फरक आधी नीट समजून घ्यावा. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, त्या काळच्या मिनिटाला सुमारे ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. गाणे तीन मिनिटांचे असते ही आपली समजूत त्या तबकडीने घातलेली आहे. १९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची मोठी तबकडी, एलपी, आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळून एकच गोष्ट सांगण्याची सोय त्यामुळे झाली. १९८२च्या सीडीने ती ७४ मिनिटांपर्यंत नेली. आज मोबाइलवर लांबीला बंधन नाही, पण दुसरी अडचण आहे. मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर गाणे तीस सेकंद वाजल्याशिवाय ते 'ऐकले' असे मोजले जात नाही. म्हणून जो तो पहिल्या तीस सेकंदांत ढोल आणि ओळखीची ओळ कोंबतो. पाळणा तसा सुरू होत नाही. आधी कडीची कुरकुर, मग बाळाची चुळबुळ, मग दबक्या आवाजात पहिली ओळ. तीस सेकंदांच्या धाकाने ती सुरुवात कापली की पुढचे सगळे फसते.

पाळण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण अल्बमची लय तिथेच ठरते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा पडते, मोठ्या माणसाचे ६० ते १००. तरी पाळणा संथ असतो. तो बाळासाठी असला, तरी लय गाणाऱ्या आईची, आजीची आणि दोरीची असते. तुळईला बांधलेल्या दोरीची लांबी बाळापर्यंत दोन मीटर धरली, तर एक झोका जाऊन परत यायला साधारण २.८ सेकंद लागतात. बाळ जड झाले म्हणून हा वेळ बदलत नाही. दोरी दीड मीटरवर आणली तर तो अडीच सेकंदांच्या आत येतो आणि लय चढते. एका झोक्यात चार मात्रा मोजल्या तर दोन मीटरच्या दोरीवर मिनिटाला ८४-८५ मात्रा पडतात. स्टुडिओत लय मोजून देणारा मेट्रोनोम सवयीने १०० किंवा ११० वर लावतात आणि गाणारी बाई बिचारी धापा टाकत त्याच्यामागे पळते. म्हणून पाळणा ध्वनिमुद्रित करताना पाळणा खरोखर टांगलेला हवा आणि तो हलवणारा हात गाणारीचाच हवा. आत बाळ नसले तरी चालेल, तेवढ्या वजनाचे तांदूळ ठेवा. कड्यांना तेल घालू नका. ती कुरकुर हाच या गाण्याचा ठेका आहे, शिवाय पुढे दोन तुकडे जोडायची वेळ आली तर कुठे जोडायचे ते तिच्यावरूनच सापडते.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. आयुष्यातले पहिले गाणे माणूस स्वतः म्हणत नाही, शेवटचेही नाही. दोन्ही त्याच्यासाठी इतरांनी म्हटलेली असतात. तो स्वतः गातो ती मधली गाणी. अल्बमची घडण यावरूनच ठरावी. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात ज्याचे आयुष्य चालले आहे त्याचा आवाज नको, भोवतालच्या माणसांचा हवा.

बालपणाची बडबडगीते खरीच मुले म्हणू देत. मोठ्या बाईने काढलेला बोबडा आवाज पहिल्या ओळीत उघडा पडतो. पाच-सात वर्षांची मुले एका जागी उभी राहत नाहीत, म्हणून प्रत्येकापुढे मायक्रोफोन ठेवण्याचा खटाटोप करू नका. मुलांच्या डोक्यापेक्षा हातभर उंचावर दोन मायक्रोफोन, एकमेकांपासून १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात बाहेरच्या बाजूला वळवून लावावेत आणि मुलांना हवे तसे खेळू द्यावे. ती कुठे पळतात हेसुद्धा डाव्या-उजव्या कानात कळते. बारा ते पंधराच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो आणि जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण थोडासाच. हा फुटका, मध्येच चिरकणारा आवाज कुणी ध्वनिमुद्रित करत नाही. आयुष्याचा अल्बम करणाऱ्यांनी तरी तो टाळू नये. शाळेच्या प्रार्थनेची एखादी ओळ त्या वयाच्या पोरांकडून म्हणवून घ्या, वीस सेकंदसुद्धा पुरतील.

मग गौरी-गणपतीच्या फुगड्या आणि झिम्मा. इथे चुका होतात त्या आवाजाच्या पातळीत. बायका गात असतात मध्यम आवाजात, पण टाळीचा तडाखा आणि तोंडाने घातलेला पकवा त्याच्या कितीतरी वर जातो. पातळी गाण्यावर बेतली की टाळ्या फाटतात. टाळ्या आवरायला मोठा आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर लावला की प्रत्येक टाळीबरोबर गाणे बुडून वर येते. चोवीस बिटवर ध्वनिमुद्रण करा आणि सर्वांत मोठी टाळी यंत्राच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आत राहील एवढी जागा सोडा. मायक्रोफोन रिंगणाच्या बाहेर सात-आठ फुटांवर असावेत. सारवलेले खळे मिळाले तर उत्तम, कारण त्यावर पाय मऊ पडतो. फरशीवर तोच पाय चटचट वाजतो. फुगडीची लय शेवटाकडे वाढत जाते आणि सूरही थोडा वर सरकतो. हे दोन्ही तसेच राहू द्या. सूर सरळ करणारे सॉफ्टवेअर या गाण्यावरून फिरवले की बायकांची दमछाक निघून जाते, आणि फुगडीची सगळी गंमत त्या दमछाकीतच असते.

तारुण्यासाठी रत्नागिरीकडे जाखडी आहे, शिमग्याचे नमन-खेळे आहेत. जाखडीत गाणारे बुवा आणि ढोलकी मधोमध आणि नाचणारे भोवती फिरतात, म्हणून मायक्रोफोनही मधोमध, गाणाऱ्यांच्या डोक्यावर हवेत. मग पायातली घुंगरे कानाभोवती फिरतात. चामड्याच्या वाद्यांना आपल्याकडची दमट हवा सोसत नाही. पाणी शोषून चामडे सैल पडते, स्वर उतरतो, बोल बद्द येतात. पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावलेली कणीक याउलट वाळत जाते आणि खर्ज वर चढू लागतो. म्हणजे तासाभराच्या मुद्रणात एक बाजू उतरते आणि दुसरी चढते. दर वीस मिनिटांनी थांबून स्वर पाहावा, कणीक ताजी लावावी आणि वाद्य पंख्याच्या वाऱ्यात ठेवू नये. घुमट (मातीच्या भांड्यावर कातडे ताणलेले वाद्य) वापरणार असाल तर ते बकरीच्या कातड्याचे आहे याची खात्री करा. घोरपडीचे कातडे वापरणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

लग्नाबद्दल फार सांगायला नको, तिथे गाणी उदंड आहेत. उत्तर कोकणात आगरी-कोळी समाजात लग्नगीते म्हणणारी धवलारीण असेल तर आधी तिच्याकडे जा. हळदीपासूनची सगळी गाणी तिला क्रमाने पाठ असतात. मंगलाष्टके शार्दूलविक्रीडितात असतात, ओळीला एकोणीस अक्षरे आणि बाराव्या अक्षरानंतर थांबा. त्या थांब्यावर पाहुण्यांची कुजबुज ऐकू येते, ती पुसू नका. शेवटच्या 'सावधान'नंतर वाजंत्री एकदम कोसळते, तेव्हा पातळी सांभाळणारा माणूस जागेवर हवा.

मधले वय ही या अल्बमची अवघड जागा आहे. इथे हमखास युगुलगीत घातले जाते. कोकणातल्या असंख्य घरांत मात्र या वयात नवरा मुंबईत आणि बायको गावी अशीच वाटणी होती. ती जात्यावर ओव्या म्हणायची आणि तो गिरणगावातल्या भजनी मंडळात टाळ धरायचा. हे दोन आवाज एका खोलीत आणू नका. ओवी गावच्या माजघरात आणि भजन मुंबईतल्या चाळीच्या खोलीत मुद्रित करा, आणि एकाच्या शेवटावर दुसऱ्याची सुरुवात चढवा. दोन खोल्यांचा घुमारा वेगळा असतो, आणि अंतर त्या फरकातूनच ऐकू येते. ओवी जात्याशिवाय म्हणवून घेऊ नये. ओवीला अक्षरांची काटेकोर मोजणी नसते. शब्द लांबवायचा की आखडायचा हे जात्याच्या फेऱ्यावर ठरते. रिकामे जाते दगडावर दगड घासून कर्कश वाजते, म्हणून थोडे थोडे तांदूळ किंवा नाचणी घालत राहावे. जात्याची घरघर खालच्या पट्टीतली असते. ८० हर्ट्झखालचे सगळे सरसकट कापण्याची सवय असलेल्यांनी इथे हात आवरावा.

ओव्यांखाली पेटी नको. पेटीचे स्वर ठरावीक अंतराने बसवलेले असतात, तर गळ्यातला नैसर्गिक गंधार पेटीच्या गंधाराहून किंचित खाली लागतो. पेटी धरली की चांगली गाणारी बाई बेसूर वाटायला लागते, आणि दोष तिच्या गळ्याला दिला जातो. नंतर तानपुरा भरायचाही मोह होतो, पण आधारस्वराशिवाय गाताना चार-पाच कडव्यांत षड्ज हलू शकतो. मग तानपुरा एकीकडे आणि गाणे दुसरीकडे जाते.

म्हातारपणासाठी म्हाताऱ्याच माणसांचा आवाज घ्या. तरुणपणी काळी चारवर सहज गाणारी बाई साठीनंतर दोन-तीन स्वर खाली उतरते. पुरुषाचा आवाज उतारवयात पातळ होऊन थोडा वर जातो. कंप मंद आणि रुंद होतो, श्वास ओळीच्या मध्येच तुटतो. आजींना त्यांच्या सोयीच्या पट्टीत गाऊ द्या. सकाळी दहानंतर, चहा झाल्यावर, पाऊण तासाहून जास्त बसवू नका. मायक्रोफोन तोंडासमोर न धरता थोडा खाली, छातीच्या रोखाने ठेवा, म्हणजे कवळीचा आवाज आणि श्वासाचा फुत्कार कमी येतो. ओळ विसरली आणि शेजारणीने ती पुरवली, तर तो तुकडा जसाच्या तसा ठेवावा असे आमचे आग्रहाचे मत आहे.

शेवटच्या तुकड्यासाठी भजन. काही समाजांत अंत्ययात्रेबरोबर टाळ-मृदंगाचे भजन असते, बहुतेक ठिकाणी ते बाराव्या-तेराव्याला होते. दुःखाच्या घरात कुणीही मायक्रोफोन घेऊन जाऊ नये. हेल काढून रडणाऱ्या बाईचा आवाज कितीही परिणामकारक वाटला, तरी तो अल्बममध्ये नको. मंडळाला वेगळ्या दिवशी देवळात बसवावे आणि भजनाचा क्रम पाळून भैरवीपर्यंत गाऊ द्यावे. त्यातली शेवटची चार-पाच मिनिटे पुरतात. भैरवी संपल्यावर ज्या खोलीत पाळणा मुद्रित केला त्याच खोलीची नुसती शांतता दहा-बारा सेकंद जोडावी. अल्बम पुन्हा पहिल्यापासून लागला तर कडीची कुरकुर त्या शांततेतूनच सुरू होईल.

ही शांतता मुद्दाम मुद्रित करावी लागते, आणि कोकणात तर अधिकच. किनाऱ्याजवळच्या गावात समुद्राची गाज चोवीस तास चालू असते. दोन तुकडे जोडले आणि मधे गाज तुटली, तर अनोळखी कानालाही खटकते. प्रत्येक जागी गाणे संपल्यावर कुणालाही उठू न देता किमान तीन मिनिटे तशीच घ्यावीत. फ्रिज, पंखे आणि इन्व्हर्टर बंद करून यंत्र बॅटरीवर चालवावे, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण येते. पावसाळ्यात कौलांवरचा पाऊस आणि रात्री रातकिडे असतात. रातकिड्यांचा आवाज नेमका स, श, च या अक्षरांच्या पट्टीत असतो. तो गाळायला गेलात तर शब्द बोथट होतात, तेव्हा संध्याकाळी मुद्रणच नको. जांभ्याची, मातीने लिंपलेली खोली स्टुडिओइतकी नसली तरी बरीच मऊ ऐकू येते. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत गोधड्या टांगाव्याच लागतात. दमट हवेत कंडेन्सर मायक्रोफोन चुरचुरतात. ते सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावेत आणि वापराआधी अर्धा तास बाहेर काढावेत.

यावरून कळेल, की गणपतीच्या आधी दोन महिन्यांत हे काम होणार नाही. भातलावणीची गाणी आषाढात, फुगड्या भाद्रपदात, भजनी सप्ताह कार्तिकात, लग्नाची गाणी माघ ते वैशाख, खेळे फाल्गुनात. बायका बिनवेळेची गाणी म्हणायला तयार होत नाहीत, आणि झाल्या तरी ती ओठांवरची होतात. पूर्ण वर्ष हाताशी ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, चोवीस बिट, दोन वाहिन्या असे मुद्रण तासाला सुमारे एक जीबी जागा घेते. वर्षभरात पन्नास तास जमले तरी साठवणीचा प्रश्न येत नाही. मात्र दोन प्रती हव्यात, आणि त्यातली एक किनाऱ्यापासून दूरच्या घरी.

प्रकाशन करताना तुकडे सलग वाजतील याची काळजी घ्या. एमपीथ्री फायलीच्या आगेमागे बारीकशी रिकामी जागा येते आणि गाज तिथे तुटते. वितरकाला वेव्ह किंवा फ्लॅक फायलीच द्याव्यात. शाळेच्या प्रार्थनेसारखे किंवा उखाण्यासारखे तीस सेकंदांहून छोटे तुकडे स्वतंत्र ठेवू नका, पुढच्या गाण्याला जोडा. यूट्यूबवर संपूर्ण अल्बमची एकच लांब फाइल चढवावी आणि माहितीत ०:०० पासून सुरू होणाऱ्या किमान तीन वेळा द्याव्यात, म्हणजे प्रकरणे आपोआप पडतात. पातळीबाबतही एक सूचना. स्ट्रीमिंग सेवा साधारण उणे १४ एलयूएफएसपाशी (हे सरासरी मोठेपणाचे माप) आवाज सारखा करतात, म्हणून लोक पाळणाही तेवढाच मोठा करून ठेवतात. पाळणा उणे २०च्या आसपास आणि फुगडी-जाखडी उणे १४ला असू द्या. अल्बम क्रमाने ऐकणाऱ्याला हा फरक मिळायला हवा.

आता हक्कांचे. पारंपरिक गाण्याचे शब्द कुणा एकाचे नाहीत, पण गाणारीचा हक्क आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क ५० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षे राहतो. करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मुलांच्या वतीने पालकांची सही घ्या. वितरकाचा अर्ज भरताना गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' असेच लिहा. तिथे स्वतःचे नाव घातले, तर उद्या त्याच गावातल्या बाईने तेच गाणे यूट्यूबवर टाकल्यावर यूट्यूबची आपोआप तपासणारी यंत्रणा तिच्यावर हक्कभंगाची नोटीस काढू शकते. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्या बायकांच्या आणि गावांच्या नावांसह. कोकणातल्या अल्बमवरही प्रत्येक गाण्याखाली म्हणणाऱ्यांची नावे आणि वाडी असायला हवी.

वाचकांना एक विनंती. म्हातारपणच्या तुकड्यासाठी लागणारा आवाज कदाचित तुमच्या पेटाऱ्यातल्या जुन्या कॅसेटमध्ये असेल. घरातल्या आजीने बारशाला म्हटलेले, कुणीतरी टेपरेकॉर्डरवर भरलेले. आपल्या हवेत फितीवर बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली, तर ती कॅसेट वाजवून बघू नका. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. बाकीच्या कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे गुंडाळी सारखी होते. आतली फेल्टची गादी निघाली असेल तर कवच बदलावे लागते. १२० मिनिटांची कॅसेट असेल तर फार जपून, तिची फीत पातळ असते आणि तुटते. संगणकावर घेताना आवाज दबका वाटला तर आधी हेडचा कोन छोट्या स्क्रूने जुळवून बघा, नंतर तीव्र स्वर वाढवा. आणि गाण्याआधीचे 'चालू झालं का?' असले बोलणे कापू नका.

आपले,
कोकणातील लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणाचे काम करणारे काही कार्यकर्ते,
रत्नागिरी जिल्हा